कातडीशी युद्ध, की कातडीची ओळख?

आजारावरचे साहित्य विज्ञानाच्या मासिकात कशासाठी तपासायचे, असे कुणी विचारील. आजाराविषयीची आपली बहुतेक माहिती पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती गोष्टीतून, नाटक-सिनेमातून, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यातून आणि भिंतीवरच्या जाहिरातीतून येते. तिच्यातले खरे किती, अर्धे खरे किती आणि साफ खोटे किती, हे निवडून काढणे हेही विज्ञानशिक्षणच आहे.

या लेखात सोरायसिस या त्वचारोगाविषयीचे दोघांचे लेखन तपासायचे आहे. पहिले अमेरिकन लेखक जॉन अपडाइक यांचे, त्यातही त्यांचा ‘अ‍ॅट वॉर विथ माय स्किन’, म्हणजे ‘माझ्या कातडीशी युद्ध’, हा आत्मपर लेख. दुसरे ब्रिटिश नाटककार डेनिस पॉटर यांचे, म्हणजे त्यांची ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ ही दूरचित्रवाणी मालिका. दोघांनाही हा आजार होता, त्यामुळे दोघांची साक्ष आतली आहे. पण साक्ष प्रामाणिक असली म्हणजे तिच्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर असतोच असे नाही. म्हणून तीन प्रश्न विचारू. हे लेखन आजार ओळखायला मदत करते का? उपचारांविषयी ते काय सुचवते? आणि असे एखादे मूल आपल्या वर्गात असेल, तर हे वाचून आपले वागणे सुधारेल की बिघडेल?

अपडाइक यांची साक्ष

जॉन अपडाइक (१९३२–२००९) पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या शिलिंग्टन या छोट्या गावात वाढले. वडील शाळाशिक्षक. आईला सोरायसिस होता. अपडाइक यांना तो वयाच्या सहाव्या वर्षी, गोवर येऊन गेल्यावर, सुरू झाला आणि जन्मभर सोबत राहिला. १९८५ साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये आलेला त्यांचा लेख पुढे ‘सेल्फ-कॉन्शसनेस’ (१९८९) या आठवणींच्या पुस्तकात समाविष्ट झाला.

लेखाचा मुख्य दावा धीट आहे. आपल्या आयुष्यातले बरेच मोठे निर्णय आपण कातडीकडे बघून घेतले, असे ते सांगतात. लेखकाचा व्यवसाय निवडला, कारण त्यात लोकांसमोर फारसे जावे लागत नाही. लग्न लवकर केले, कारण ही कातडी पत्करणारी मुलगी भेटली होती. घर मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच या समुद्रकाठच्या गावी केले, कारण तिथे वाळूवर पडून ऊन घेता येत असे. हिवाळ्यात कॅरिबियन बेटांकडे जायचे तेही उन्हासाठी. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण बाहीची लांबी, केशकर्तनालयातली खुर्ची, पोहण्याचा तलाव, चादरीवर पडलेले पापुद्रे अशा बारीकसारीक गोष्टी माणसाचा दिवस कसा घडवतात, हे वैद्यकाच्या पुस्तकात मिळत नाही. तिथे ‘कोपर, गुडघे, डोके व कंबर यांवर चट्टे’ एवढेच लिहिलेले असते. ते चट्टे सांभाळत जगणाऱ्या माणसाचे डोके दिवसभर कशात गुंतलेले असते, ते अपडाइक दाखवतात. या लेखाचे खरे मोल ते आहे.

शास्त्राच्या कसोटीवरही त्यांची बरीच निरीक्षणे टिकतात. आईकडून आलेला वारसा, एका संसर्गानंतर झालेली सुरुवात, उन्हाळ्यात उतार आणि हिवाळ्यात चढ, मध्येच आपोआप मिळालेली मोकळीक आणि पुन्हा उठलेले चट्टे, हे सगळे सोरायसिसच्या वागणुकीशी जुळते.

शास्त्र काय म्हणते?

आपल्या बाह्यत्वचेच्या तळच्या थरात नव्या पेशी सतत जन्मतात. त्या वर सरकत जातात, चपट्या होतात, मरतात आणि गळून पडतात. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी पुरत्या तयार न होताच पृष्ठभागावर पोहोचतात आणि तिथे त्यांचे थरावर थर साचतात. त्या थरांमध्ये हवा अडकते, म्हणून पापुद्रे चंदेरी दिसतात. खालच्या केशवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून चट्टा लाल दिसतो.

ही घाई कशामुळे? बराच काळ असे मानत की दोष त्वचेच्या पेशीतच आहे. १९७९ साली एक वेगळाच धागा हाती लागला. शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन हे औषध दिलेल्या काही रुग्णांचे सोरायसिसचे चट्टे निवळल्याची नोंद झाली. पुढच्या संशोधनातून चित्र स्पष्ट होत गेले. प्रतिकारयंत्रणेतल्या टी पेशी विनाकारण चेतवल्या जातात, त्या इंटरल्यूकिन-१७ सारखे रासायनिक निरोप सोडतात आणि ते निरोप मिळाल्यावर त्वचेच्या पेशी भराभर वाढू लागतात.

म्हणजे ‘कातडीशी युद्ध’ हे शीर्षक शास्त्राच्या दृष्टीने उलटे आहे. यात कातडी शत्रू नाही, चुकीच्या हुकुमाची ती बळी आहे. १९८५ साली हे चित्र जेमतेम आकार घेत होते, म्हणून त्याचा दोष लेखकाला देता येणार नाही. आज मात्र हे शीर्षक वर्गात सांगताना ही दुरुस्ती जोडून सांगावी. ज्या मुलाला आपली कातडी वैरीण वाटते, तो तिला ओरबाडतो, खरवडतो, दगडाने घासतो. आणि जिथे जखम होते तिथेच नवा चट्टा उठतो. हाइनरिक कोबनर या जर्मन वैद्याने १८७० च्या दशकात हे निरीक्षण मांडले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आनुवंशिकतेबद्दलही थोडे स्पष्ट सांगायला हवे. अपडाइक वाचून वाटते की आईचा आजार मुलाकडे जणू ठरल्याप्रमाणे येतो. प्रत्यक्षात आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण सातात एक मानतात. म्हणजे बहुसंख्य मुलांना तो होत नाही. एकरूप जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असे नाही. वारशाने कल येतो. त्यावर घशाचा जंतुसंसर्ग, जखम, कोरडी थंडी, मानसिक ताण, दारू, धूम्रपान, काही औषधे यांची ठिणगी पडावी लागते. मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनी घसा धरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे बारीक चट्टे उठतात, तो सोरायसिसचाच एक प्रकार आहे.

ओळखण्यातली अडचण

अपडाइक यांच्या वर्णनाची मोठी मर्यादा म्हणजे ते गोऱ्या कातडीचे वर्णन आहे. लाल पाया आणि त्यावर चांदीसारखे खवले, हे चित्र पाश्चात्त्य पुस्तकांतून आपल्याकडच्या पुस्तकांतही जसेच्या तसे आले. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर तो लाल रंग नीट दिसत नाही. चट्टा जांभळट, तपकिरी किंवा राखी दिसतो आणि बरा झाल्यावरही तिथे काळा किंवा फिकट डाग काही महिने राहतो. लाली शोधत बसलेल्या माणसाला हा आजार दिसणारच नाही. म्हणून रंगापेक्षा आकार, कडा, जागा आणि पापुद्रा यांकडे पाहावे.

सोरायसिसच्या चट्ट्याची कड पेन्सिलने आखल्यासारखी स्पष्ट असते. चट्टे बहुधा दोन्ही बाजूंना सारखे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, कमरेवर आणि डोक्यात केसांच्या कडेने येतात. पापुद्रे जाड आणि कोरडे असतात. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, किंवा नख टोकाकडून सुटू लागते. खाज असते, पण सर्वांना सारखी नसते. पापुद्रा खरवडून काढला की खाली रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, ही खूण पुस्तकात दिलेली असते. ती पाहण्याचे काम डॉक्टरांचे. शिक्षकांनी किंवा पालकांनी ती परीक्षा घेऊ नये. त्याचे कारण कोबनरने सांगितलेच आहे.

नायटा किंवा गजकर्ण बुरशीमुळे होते. त्याची कड उठावदार आणि मध्यभाग निवळलेला असतो, आणि ते संसर्गाने पसरते. लहान मुलांचे इसब बहुधा कोपराच्या आतल्या वळणात आणि गुडघ्यामागे येते, त्याची कड अस्पष्ट असते आणि खाज फार असते. डोक्यातला साधा कोंडा तेलकट आणि पातळ असतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते किंवा नाहीशी होते. सोरायसिसच्या चट्ट्यावर स्पर्श, टोचणे, गरम-थंड सर्व नीट कळते. अर्थात या खुणा निदान करण्यासाठी नाहीत. कुणाकडे आणि किती लवकर पाठवायचे, हे ठरवायला त्या पुरतात.

‘लेपर’ या शब्दाची जबाबदारी

अपडाइक यांनी १९७६ साली याच आजारावर एक कथा लिहिली होती. तिचे नाव ‘फ्रॉम द जर्नल ऑफ अ लेपर’, म्हणजे ‘एका कुष्ठरोग्याच्या रोजनिशीतून’. कथानायक कुंभारकाम करणारा कलावंत आहे. त्याला कुष्ठरोग झालेला नाही, सोरायसिस झालेला आहे. पण स्वतःकडे तो त्याच नजरेने पाहतो. आजाराचा गाभा त्याला पापुद्र्यांत दिसत नाही, अपमानात दिसतो. मानसशास्त्र म्हणून हे अचूक आहे.

तरीही या शीर्षकाला आपण हरकत घेतली पाहिजे. या दोन आजारांची गल्लत जुनी आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट विलन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्वचारोगांची काळजीपूर्वक वर्गवारी केली, पण सोरायसिसच्या एका रूपाला त्यांनी ‘लेप्रा’ हेच नाव ठेवले. १८४१ साली व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी हे नाव दूर केले आणि सोरायसिस कुष्ठरोगापासून वेगळा केला. वैद्यकाने जी गाठ कष्टाने सोडवली, ती अपडाइक यांनी रूपकासाठी पुन्हा मारली.

अमेरिकेत ते रूपकच राहते, कारण तिथल्या बहुतेक वाचकांनी कुष्ठरोगी पाहिलेलाच नसतो. महाराष्ट्रात तसे नाही. इथे हा आजार आजही आढळतो. बाबा आमटे यांच्या आनंदवनाची गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती रोगाइतकीच समाजाच्या भीतीची गोष्ट आहे. इथे ‘अंगावर चट्टा’ म्हटले की बाक बदलला जातो, पाण्याचा पेला वेगळा होतो. अशा ठिकाणी ‘लेपर’ हा शब्द उपमा म्हणून वापरला, तर तो दोघांचे नुकसान करतो. सोरायसिसच्या रुग्णावर नसलेला संसर्ग लादला जातो. आणि कुष्ठरोगी म्हणजे टाळण्याची वस्तू, हे गृहीत धरले जाते. कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, ती औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि उपचार सुरू झाले की संसर्गाचा धोका लवकरच संपतो. तेव्हा ‘घाबरू नका, हा कुष्ठरोग नाही’ असे वर्गात सांगणेही अपुरे आहे. त्यातून ‘असता तर घाबरणे योग्यच होते’ असा अर्थ निघतो.

कथेचा शेवटही तपासण्यासारखा आहे. उपचारांनी कातडी स्वच्छ होत जाते, तशी नायकाच्या हातातली कला आणि सोबतच्या स्त्रीवरचे प्रेम, दोन्ही ओसरतात. कथा म्हणून हे चटका लावणारे आहे. पण ‘आजारामुळेच मी कलावंत झालो’ ही कल्पना आजारी मुलाला दिलासा म्हणून देण्याजोगी नाही. सोरायसिस असलेले बहुतेक लोक कलावंत नसतात. त्यांना कातडी बरी झालेली हवी असते, आणि त्या बदल्यात काही गमवावे लागत नाही.

ऊन, टार आणि गोव्याची भुकटी

उपचारांच्या बाबतीत अपडाइक यांच्या लेखनाला इतिहासाचे मोल आहे. १९७० च्या दशकात त्यांच्या कातडीला उन्हाचा गुण येईनासा झाला, तेव्हा बोस्टनमध्ये ‘पुवा’ नावाची नवी पद्धत निघाली होती. सोरालेन वर्गातले औषध पोटात घ्यायचे आणि मग दीर्घ लांबीच्या अतिनील किरणांच्या पेटीत उभे राहायचे. १९७४ साली या पद्धतीचा पहिला महत्त्वाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तिचा लाभ घेणाऱ्या सुरुवातीच्या रुग्णांत अपडाइक होते. सोरालेन हे नाव आपल्या बावचीच्या शास्त्रीय नावावरून आले आहे. बावचीचे बी आपल्याकडे कोडावर पूर्वापार वापरतात. मात्र बावचीचे तेल लावून उन्हात बसल्यास कातडी भाजून फोड येतात. किती औषध आणि किती किरण, हे मोजण्यातच या उपचाराचे सगळे शास्त्र आहे. पुढे असेही दिसले की पुवाचे शेकडो डोस घेतलेल्यांमध्ये, विशेषतः गोऱ्या लोकांत, त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते. आता बहुतेक ठिकाणी औषध न देता फक्त ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अरुंद पट्ट्यातले किरण वापरतात. म्हणून अपडाइक वाचून कुणा मुलाला दुपारच्या उन्हात बसायला सांगू नये.

गोव्याचा संबंधही इथे येतो. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडात मिळणारी पिवळी भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आली. नायट्यावरचे औषध म्हणून ती ‘गोवा पावडर’ या नावाने पुढे इंग्लंडपर्यंत गेली. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी १८७० च्या दशकात तिचा सोरायसिसवर गुण येतो असे दाखवले. तिच्यातल्या द्रव्याला पर्याय म्हणून जर्मनीत १९१६ च्या सुमारास डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध वापरात आले. ते कपड्यांना डाग पाडते आणि निरोगी कातडी जाळते, तरी आजही काही ठिकाणी उपयोगी पडते. नायट्याचे औषध सोरायसिसला लागू पडले म्हणून दोन आजार एक ठरत नाहीत. पुराव्याची मर्यादा शिकवायला हे उदाहरण चांगले आहे.

अपडाइक यांच्या लेखानंतर उपचार फार पुढे गेले आहेत. थोड्या चट्ट्यांसाठी त्वचा मऊ ठेवणारी साधी मलमे, सॅलिसिलिक आम्ल, कोळशाचे डांबर म्हणजे कोल टार, ठरावीक काळापुरती स्टेरॉइड मलमे आणि ‘ड’ जीवनसत्त्वासारखी रचना असलेले कॅल्सिपोट्रिऑल वापरतात. आजार जास्त पसरला तर किरणोपचार, किंवा मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या देतात. मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवू शकतो, म्हणून चिठ्ठीवरचा वार ठळक असावा आणि रक्ततपासणी चुकवू नये. २००३ पासून जैविक औषधांची इंजेक्शने सोरायसिससाठी मिळू लागली. ती चुकीच्या रासायनिक निरोपालाच अडवतात. भारतात तयार झालेल्या इटोलिझुमॅब या जैविक औषधाला २०१३ साली इथे मान्यता मिळाली. ही औषधे महाग आहेत. त्यांच्यापैकी अनेक सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयरोग दडलेला नाही ना, हे पाहावे लागते.

एवढे सगळे असूनही आजार कायमचा जातो, असे कोणतेही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाहीत. तो दीर्घकाळ ताब्यात ठेवता येतो. कित्येकांची कातडी जवळजवळ पूर्ण स्वच्छ होते आणि वर्षानुवर्षे तशी राहते.

पॉटर यांची मालिका

डेनिस पॉटर (१९३५–१९९४) यांना विशीत सोरायसिसबरोबर सांधेदुखीही जडली आणि त्यांच्या हातांची बोटे वाकडी झाली. ‘द सिंगिंग डिटेक्टिव्ह’ ही त्यांची सहा भागांची मालिका बीबीसीने १९८६ च्या अखेरीस दाखवली. मायकेल गॅम्बन यांनी साकारलेला नायक फिलिप मार्लो हा रहस्यकथालेखक अंगभर चट्टे आणि आखडलेले सांधे घेऊन रुग्णालयात पडून आहे.

अपडाइक यांनी जे सांगितले नाही ते पॉटर सांगतात. सोरायसिस हा केवळ कातडीचा आजार नाही. जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत रुग्णांना केव्हा ना केव्हा सांध्यांचा त्रास होतो. सकाळी आखडलेली बोटे, सॉसेजसारखे फुगलेले एखादे बोट, टाचेचे दुखणे यांकडे दुर्लक्ष झाले तर सांधे कायमचे खराब होतात. तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकार, मधुमेह आणि नैराश्य यांचेही प्रमाण अधिक आढळते. मालिकेत डॉक्टरांचा ताफा खाटेभोवती उभा राहून मार्लोविषयी बोलतो, त्याच्याशी मात्र नीट बोलत नाही. तोच प्रसंग पुढे गाण्यात आणि नाचात बदलतो. रुग्ण ‘केस’ कसा होतो, हे इतक्या विनोदाने आणि इतक्या संतापाने क्वचितच दाखवले गेले असेल.

पण मालिकेची वैद्यकीय गोष्ट घसरते ती शेवटाकडे. मार्लोच्या लहानपणी एक प्रसंग घडलेला असतो. त्याने चिडून शिक्षिकेच्या टेबलावर घाण केलेली असते. शिक्षिका भेदरलेल्या वर्गाची उलटतपासणी घेते, आणि तो एका निरपराध मुलाचे नाव घेतो. त्या मुलाला शिक्षा होते, पुढे त्याचे आयुष्यही उद्ध्वस्त होते. मानसोपचारतज्ज्ञासमोर हे मनात दडलेले ओझे उतरते, आणि अंथरुणाला खिळलेला मार्लो उभा राहतो. पॉटर यांनी कार्यकारण सरळ सांगितलेले नाही, तरी मालिकेची रचना प्रेक्षकाला ‘पापाची कबुली दिली, कातडी सुटली’ याच निष्कर्षाकडे नेते.

इथे थांबून विचार करावा. मानसिक ताणाने सोरायसिस वाढू शकतो, हे अनेक रुग्णांचे अनुभव आणि अभ्यास दोन्ही सांगतात. ताण हलका झाला तर उपचारांना मदत होते. पण ताण ही ठिणगी आहे, ती सरपण नव्हे. अपराधाच्या भावनेतून हा आजार जन्मत नाही आणि कबुलीने तो जात नाही. आपल्याकडे ‘मागच्या जन्मीचे पाप’ ही समजूत आधीच घट्ट आहे. तिला मानसशास्त्राची नवी भाषा मिळाली तरी दोष रुग्णावरच येतो.

शिक्षकांनी मात्र ते वर्गातले दृश्य जरूर पाहावे. भीतीने भरलेल्या वर्गात मुले खरे बोलत नाहीत. ती कुणाकडे तरी बोट दाखवून स्वतः सुटतात. अंगावर चट्टे असलेले मूल अशा वर्गात पहिले लक्ष्य असते.

आपल्याकडचे लेखन

या दोघांना इतक्या बारकाईने तपासल्यावर आपल्या लोकप्रिय आरोग्यलेखनाकडेही पाहायला हवे. तिथे दोन टोके दिसतात. एका टोकाला पाठ्यपुस्तकातून उचललेली लक्षणांची यादी. तिच्यात माणूस नसतो. दुसऱ्या टोकाला ‘सोरायसिस मुळासकट बरा’ अशी हमी देणाऱ्या जाहिराती. जो आजार आपोआप चढतो आणि उतरतो, त्याच्यावर अशी हमी देणे सोपे असते. उताराच्या वेळी घेतलेल्या कोणत्याही पुडीला श्रेय मिळते. काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळते. त्याने आठवडाभरात कातडी लख्ख होते, आणि ते अचानक थांबले की आजार आधीपेक्षा भडकून, कधी अंगभर पू असलेल्या पुटकुळ्या घेऊन परततो. दुकानातून नायट्यासाठी म्हणून आणलेल्या मिश्र मलमांचेही असेच होते. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो पाळला जाण्यासाठी ग्राहकाला तो ठाऊक हवा.

शिक्षकांच्या हाती काय आहे?

अपडाइक यांची ‘द सेंटॉर’ (१९६३) ही कादंबरी या संदर्भात आठवते. तिच्यातले वडील जॉर्ज कॉल्डवेल शाळेत सामान्य विज्ञान शिकवतात. विश्वाचा सगळा इतिहास काही दिवसांच्या मापात बसवून ते वर्गाला सांगतात, आणि तो पाठ अप्रतिम आहे. त्यांच्याच घरातला मुलगा पीटर कपड्यांखाली सोरायसिसचे चट्टे लपवत त्याच शाळेत वावरतो. विश्वाच्या त्या पाठात पीटरच्या कोपरावर चाललेले जीवशास्त्र कुठेच येत नाही. कादंबरीने हे जाणूनबुजून दाखवले असो वा नसो, आपल्या विज्ञानवर्गावरची ती मार्मिक टीका आहे.

ती मनावर घ्यायची, तर काही गोष्टी सहज करता येतील. त्वचेचा पाठ शिकवताना पेशींच्या महिनाभराच्या प्रवासाबरोबर तो चार दिवसांत झाला तर काय होते, हेही सांगावे. कुणा मुलाचे नाव घेऊ नये, कुणाकडे पाहू नये. संसर्गजन्य आणि असंसर्गजन्य आजारांच्या पाठात सोरायसिस दुसऱ्या यादीत घ्यावा. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या घालणारे, कवायतीला सारखी सुटी मागणारे, टोपी न काढणारे मूल दिसले तर त्याला वर्गासमोर विचारू नये. पालकांशी एकांतात बोलावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्यांना दाखवावे, किंवा सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठवावे. सांधे दुखत असतील, अंगभर लाली व ताप असेल, पुटकुळ्या उठल्या असतील तर त्याच दिवशी पाठवावे. गणवेशाची सक्ती गरज पडेल तिथे सैल करावी. आणि त्या मुलाशेजारी आपण स्वतः, काही न बोलता, सहज बसावे. मुलांना संसर्गाविषयी भाषणापेक्षा हे लवकर कळते.

२०१४ साली जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर ठराव केला. हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य, वेदनादायक आणि माणसाला दुबळे करणारा आजार आहे, असे त्यात म्हटले. २०१६ च्या अहवालात जगभर किमान दहा कोटी लोकांना तो असल्याचा अंदाज दिला गेला. एवढ्या मोठ्या आजाराविषयी सामान्य वाचकाला सहज हाती येणारे लेखन थोडे आहे, म्हणून अपडाइक आणि पॉटर वाचायचे, पाहायचे. आजारी माणसाला काय वाटते, याबाबत त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. आजार कशाने होतो आणि कशाने बरा होतो, याबाबत मात्र त्यांना पुरावा विचारावा. मराठीत अशी आतून दिलेली आणि शास्त्राशी पडताळलेली साक्ष कुणीतरी लिहायला हवी. ती वाचणाऱ्या पीटरला मग बाह्या दुमडून वर्गात बसता येईल.